गव्हाशी जोडलेली खाज: डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसचं निदान झालेल्यांसाठी

दोन्ही कोपरांवर, दोन्ही गुडघ्यांवर, कुल्ल्यांवर, कधी पाठीवर तर कधी मानेमागे केसांच्या कडेला पुंजक्यापुंजक्यांनी उठणारे बारीक पाणीदार फोड. फोड दिसायच्या आधीच तिथे आग आणि टोचणी सुरू होते आणि मग अशी खाज सुटते की रात्रभर डोळा लागत नाही. खाजवून फोड फुटतात. त्यामुळे डॉक्टरांसमोर बसेपर्यंत फोड उरलेलेच नसतात, दिसतात ते फक्त ओरखडे आणि खपल्या. म्हणून या आजाराला बराच काळ खरूज, एक्झिमा किंवा गजकर्ण समजून औषधं दिली जातात. अख्ख्या घराला खरजेचं लोशन लावून झालं, तरी एकाचीच खाज थांबत नाही, असंही घडतं.

या आजाराचं नाव डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. १८८४ साली फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुई ड्युरिंग यांनी त्याचं वर्णन केलं. नावात हर्पिस असलं तरी नागिणीशी किंवा कुठल्याही विषाणूशी त्याचा संबंध नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. टॉवेल, अंथरूण, ताट वेगळं करायची गरज नाही, आणि हे घरातल्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

हा लेख नुकतंच निदान झालेल्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या डॉक्टरांना तशी शंका आली आहे त्यांच्यासाठीही. आमच्या घरात या आजाराचं, गहू पूर्ण बंद ठेवायचं पथ्य पाळलं जातं, त्यामुळे औषधांपेक्षा स्वयंपाकघराबद्दल जास्त लिहिणार आहे. पण क्रम महत्त्वाचा आहे. तो चुकला तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

आधी समजून घ्या: त्वचेवर दिसतं, पण सुरुवात आतड्यात होते

गहू, जव (सातू) आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो तो त्याचाच. काही जणांच्या शरीरात जन्मतः अशी जनुकं असतात की लहान आतड्यात ग्लुटेन आलं की रोगप्रतिकारशक्ती बिथरते आणि आयजीए प्रकारची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करते. यालाच सीलिअॅक आजार म्हणतात. डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस हे त्याच आजाराचं त्वचेवरचं रूप. इथे प्रतिपिंडं त्वचेतल्या एका एन्झाइमच्या विरोधात तयार होतात आणि त्वचेच्या वरच्या थराखाली साचतात. तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि फोड उठतो.

बहुतेक रुग्णांना पोटाचा काही त्रास जाणवत नाही. जुलाब नाहीत, पोटदुखी नाही, वजनही ठीक. म्हणून ‘माझं पोट तर उत्तम आहे, मग गव्हाचा काय संबंध?’ हा प्रश्न हमखास येतो. तक्रार नसली तरी आतड्याच्या अस्तरात बिघाड सापडतो. १९६६ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा हा धागा पहिल्यांदा स्पष्ट झाला.

हा आजार बहुधा तिशी-चाळिशीत सुरू होतो, पण कुठल्याही वयात होऊ शकतो. फिनलंडमध्ये तो लाखात सुमारे ७५ जणांना असल्याचं आढळलं आहे. भारतात सीलिअॅकचे रुग्ण उत्तरेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात जास्त आहेत, आणि त्वचेच्या या आजाराची नोंद आपल्याकडे फारच कमी होते. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी तो आयुष्यात एकदाही पाहिला नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि शक्य असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा.

पहिली पायरी: तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका

हे मी मुद्दाम ठळक सांगते आहे. शंका आली की माणूस लगेच पोळी सोडतो. काही महिन्यांनी तपासणी केली की रक्तातली प्रतिपिंडं उतरलेली असतात, अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि निदान अधांतरी राहतं. मग खात्री करण्यासाठी डॉक्टरांना पुन्हा काही आठवडे गहू खायला सांगावं लागतं, आणि ते फार त्रासाचं असतं. तुम्ही आधीच गहू सोडला असेल तर कधीपासून सोडला ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

निदानाची मुख्य तपासणी म्हणजे त्वचेची बायॉप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं, आणि ती दोन तुकड्यांची असते. एक तुकडा ताज्या फोडाचा, नेहमीच्या तपासणीसाठी. दुसरा तुकडा फोडाच्या शेजारच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा, ‘डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स’ या तपासणीसाठी. हा दुसरा तुकडा निर्णायक असतो. त्यात त्वचेच्या वरच्या थराखाली आयजीएचे ठिपके दिसले की निदान पक्कं. तो फोडातूनच घेतला तर सूजेमुळे ठिपके नष्ट झालेले असू शकतात. शिवाय तो फॉर्मेलिनमध्ये टाकला तर वाया जातो, त्याला वेगळं द्रावण लागतं. गावातल्या दवाखान्यातून नमुना शहरातल्या लॅबला जाणार असेल तर ‘इम्युनोफ्लुरोसन्सचा तुकडा कशात पाठवणार?’ हे आधीच विचारा. असं विचारलं म्हणून कुणी रागवत नाही.

रक्ताची टीटीजी-आयजीए ही सीलिअॅकची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी सोबत होते, आणि तिच्याबरोबर एकूण आयजीए किती आहे तेही पाहतात. काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतो, तेव्हा टीटीजीचा आकडा फसवा ठरतो. तसंच या त्वचारोगात टीटीजी कधीकधी सामान्य येते, म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावरून आजार नाही असं ठरवू नका. त्वचेची बायॉप्सी स्पष्ट असेल तर दुर्बीण घालून आतड्याची तपासणी प्रत्येकाला लागतेच असं नाही. ते पोटविकारतज्ज्ञ ठरवतील.

या काळात औषधाच्या दुकानातून मिळणारी, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं लावू नका. त्यांनी दोन दिवस बरं वाटतं, पण आजाराचा चेहरा पुसला जातो.

दुसरी पायरी: डॅप्सोन, आणि त्याबद्दलची भीती

निदान झालं की बहुतेक वेळा डॅप्सोन नावाची गोळी सुरू होते. तिचा गुण विलक्षण लवकर येतो. कित्येकांची खाज दोन-तीन दिवसांत उतरते आणि फार दिवसांनी शांत झोप लागते.

एक गोष्ट घरात आधीच बोलून घ्या. हीच गोळी कुष्ठरोगाच्या उपचारातही वापरतात. घरातलं कुणी मोबाइलवर गोळीचं नाव शोधतं, ‘कुष्ठरोग’ वाचतं आणि घर हादरतं. तुम्हाला कुष्ठरोग झालेला नाही. या गोळीला फोडात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी आवरता येतात, म्हणून ती इथे दिली जाते. कुष्ठरोगावर उत्तम उपचार आहेत आणि त्या रुग्णांनाही असं दूर लोटायचं कारण नाही.

गोळी सुरू करण्यापूर्वी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी झालीच पाहिजे. हे एन्झाइम कमी असेल तर डॅप्सोनने लाल पेशी झपाट्याने फुटतात. हे एन्झाइम पुरेसं असलेल्यांचंही हिमोग्लोबिन थोडं खाली येतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि पुढे अंतर वाढतं. यकृताची तपासणीही होते. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल, दिवस गेले असतील किंवा हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असेल तर ते आधी सांगा.

ताप, घसा दुखणं, अंगभर नवं पुरळ, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, दम लागणं, ओठ निळसर दिसणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पहिले दोन महिने जास्त जपायचे. आणि मधुमेह असणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही: डॅप्सोन चालू असताना एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडा खोटा कमी येतो. तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगा, नाहीतर साखर आटोक्यात आहे असा गैरसमज होईल.

डॅप्सोन खाज थांबवतं, आतडं बरं करत नाही. आतडं फक्त पथ्याने बरं होतं. गोळीने छान वाटतं म्हणून पोळी चालू ठेवली तर आतला बिघाड तसाच राहतो, आणि वर्षानुवर्षं उपचाराविना राहिलेल्या आजारात आतड्याच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. पथ्य नीट जमलं की बहुतेकांची गोळी डॉक्टर हळूहळू कमी करतात आणि अनेकांची बंदही होते.

तिसरी पायरी: स्वयंपाकघर

गहू आयुष्यभर बंद, हे ऐकून बहुतेकांचा जीव घाबरतो. पण आपलं धान्य बघा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी, यातल्या कशातही ग्लुटेन नाही. पिठलं-भाकरी, घावन, तांदळाची उकड, कांदेपोहे, ज्वारीचं आंबील, खानदेशातली कळण्याची भाकरी, वरणभात, उकडीचे मोदक, अनारसे, सगळं आपलंच. युरोपातल्या रुग्णाला पावाऐवजी काय खायचं हा प्रश्न पडतो, आपल्या आजीच्या पिढीने पोळी सणालाच पाहिली होती.

गहू आणि गव्हाची भावंडं मात्र पूर्ण बंद: कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, बिस्किटं, खारी, टोस्ट, पास्ता, नूडल्स. खपली गहू ‘पचायला हलका’, ‘मधुमेहींना चांगला’ म्हणून विकला जातो. तोही गहूच आहे, चालणार नाही. जव आणि जवापासून केलेलं माल्ट चालत नाही, म्हणून दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी आणि बिअर बंद. ओट्स बहुधा गव्हाबरोबरच हाताळले जातात. सुरुवातीला ते टाळा, पुढे डॉक्टरांना विचारून ठरवा.

उघड गहू सोडणं सोपं असतं. फसवणूक होते ती पुढच्या पदार्थांत:

- हिंग. डबीतल्या भुकटी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. रोजच्या आमटीला, फोडणीला, लोणच्याला तो लागतो, म्हणजे रोज थोडं ग्लुटेन पोटात जातं. खडा हिंग आणा किंवा तांदळाचं पीठ वापरलेला, तसं लेबलवर लिहिलेला हिंग घ्या. विकतच्या सांबार, गोडा आणि पावभाजी मसाल्यांतही हिंग असतो.
- मेतकूट. त्यात गहू भाजून घालण्याची पद्धत आहे.
- थालीपिठाची भाजणी. बहुतेक घरांत मूठभर गहू पडतोच. गव्हाशिवाय केली तरी चव छान लागते, फक्त ज्वारी-बाजरी वाढवा.
- सातूचं पीठ, कुरडया, वरणफळं, मेथीचे आणि डिंकाचे लाडू (कणीक असू शकते), बेसनाचे लाडू (कुणी रवा घालतं), सोनपापडी, गुलाबजाम, सोया सॉस.
- ‘ज्वारी’ किंवा ‘नाचणी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेली बिस्किटं. मागची यादी वाचली की मैदा सापडतो. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे गहू आहेच असं धरा.

भाकरी थापता येत नाही म्हणून काही जण पिठात कणीक मिसळतात. त्याऐवजी पाणी उकळून त्यात ज्वारीचं पीठ घाला, उकड काढा, गरम असतानाच मळा. ती लाटताही येते.

घरात बाकीचे पोळी खात असतील तर पोळपाट-लाटणं, परात, चाळणी आणि तवा वेगळे ठेवा. लाकडात आणि चाळणीच्या जाळीत पीठ बसून राहतं, धुऊन निघत नाही. आधी तुमच्या भाकरी करून झाकून ठेवायच्या, मग कणीक मळायची. चहात बिस्किट बुडवलेला कप धुतल्याशिवाय वापरायचा नाही. तळणीचं तेलही वेगळं, पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणा वडा तळला तर तो चालत नाही.

आयोडीनबद्दलही ऐकाल. आयोडीन जास्त झालं तर काहींची खाज भडकते, हे खरं आहे. पण तेवढ्यावरून आयोडीनयुक्त मीठ स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही काहींचे फोड वाढतात, घेण्यापूर्वी विचारून घ्या.

चौथी पायरी: गिरणी

माझ्या मते महाराष्ट्रातल्या रुग्णाचं पथ्य पोळीपाशी मोडत नाही, पिठाच्या गिरणीत मोडतं. माणूस मनापासून पथ्य पाळतो, फक्त ज्वारीची भाकरी खातो, तरी फोड येत राहतात, आणि मग ‘पथ्याने काही होत नाही’ असं म्हणून सोडून देतो. गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. जात्यात, पट्ट्यात, पिशवीत, हवेत सगळीकडे गव्हाचं पीठ असतं. तुमचं ज्वारीचं दळण त्याच जात्यातून जातं. ‘सकाळी सगळ्यात आधी माझं दळा’ म्हटल्यानेही भागत नाही, आदल्या दिवशीचं पीठ आत असतंच.

उपाय असे. घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही जाऊ देऊ नका. जुनी, वापरलेली घेऊ नका, तिच्या आत कुणाची तरी कणीक बसलेली असणार. घरघंटी परवडत नसेल तर नाचणी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ मिक्सरमध्ये थोडी थोडी दळून चाळता येते. कष्ट पडतात, पण चालतं. बेसनाबाबत हे जरूर करा, विकतचं बेसन बहुधा गहू दळणाऱ्या यंत्रांतूनच आलेलं असतं. दळण्याआधी धान्य निवडा, पोत्यातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. मग धुऊन कडक उन्हात वाळवा.

पाकीटबंद पीठ घेत असाल तर ‘ग्लुटेन-फ्री’ हे शब्द शोधा. भारतात हे लेबल लावायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गहू, जव, राय, ओट्स असतील तर पाकिटावर अॅलर्जीच्या सूचनेत ते लिहिणं बंधनकारक आहे, त्यामुळे ती ओळ वाचायची सवय लावून घ्या. परदेशात राहणाऱ्यांनी भारतीय दुकानातलं बेसन किंवा ज्वारीचं पीठ घेतानाही तेच करावं, ‘मे कंटेन व्हीट’ असं लिहिलेलं पाकीट परत ठेवावं.

पाचवी पायरी: पंगत, प्रवास, प्रसाद

घराबाहेर सगळ्यात उपयोगी पडते ती उपवासाची थाळी. भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा किस, यात गहू नाही आणि हिंगही नाही. फक्त तळलेल्या पदार्थांच्या तेलाची चौकशी करा. लग्नात साधा भात, दही, फळं, आणि पिशवीत आपली भाकरी-चटणी. सुरुवातीला संकोच वाटतो, नंतर नातेवाईकच तुमच्यासाठी वेगळं ठेवायला लागतात.

सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो आणि ‘एवढासा घे, देवाचं आहे’ हा आग्रह मोडणं खूप जड जातं. तीर्थ घ्या, केळं घ्या, शिरा मस्तकी लावून घरच्या कुणाला द्या. घरी पूजा असेल तर राजगिऱ्याचा किंवा वरीचा शिरा करा. दिवाळीत चिवडा, अनारसे, घरी दळलेल्या बेसनाचे लाडू, तांदळाच्या भाजणीच्या चकल्या, एवढं फराळाला पुष्कळ आहे. गोवा-वसईकडच्या कॅथलिक वाचकांसाठी: मिस्सेतली ऑस्ती गव्हाची असते. अत्यल्प ग्लुटेनची ऑस्ती चर्चला मान्य आहे, आपल्या धर्मगुरूंशी आधी बोला.

पुढचे महिने

पथ्य काटेकोर पाळलं तरी फोड लगेच थांबत नाहीत. त्वचेत साचलेला आयजीए हळूहळू ओसरतो. काहींना सहा महिने लागतात, काहींना दोन वर्षं. मधल्या काळात गोळीचा आधार असतो. फोड उठले की आधीच्या दोन-चार दिवसांत काय खाल्लं ते वहीत लिहा. काही आठवड्यांत त्यातून एखादा मसाला किंवा एखादं हॉटेल उघडं पडतं. आमच्या घरी हिंग असाच सापडला.

दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा टीटीजी तपासा. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांकडेही लक्ष ठेवा. थायरॉइडचे विकार आणि लहानपणी सुरू होणारा मधुमेह या आजाराच्या जोडीने दिसतात. फक्त भातावर राहू नका, नाचणी-बाजरी रोज ताटात हवी. कुठलंही नवं औषध, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा, घेताना त्यात गव्हाचा स्टार्च आहे का ते विचारा.

आणि आई-वडील, भावंडं, मुलं यांची टीटीजी-आयजीए तपासणी एकदा करून घ्या, त्यांना खाज नसली तरी. त्यांचाही गहू तपासणीचं रक्त दिल्याशिवाय बंद करू नका.